केसपेपरवर नसलेली तारीख

दारूचा त्रास किती वाढला आहे हे तपासण्यासाठी डॉक्टर आणि समुपदेशक जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही प्रश्नावली वापरतात. प्रश्न १०, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. बेरीज ८ किंवा जास्त झाली की पिणे धोक्याच्या पातळीला पोचले असे मानतात. त्यातला तिसरा प्रश्न असा: एका बैठकीत ६ किंवा त्याहून जास्त ड्रिंक्स किती वेळा होतात? गोव्यातल्या पेडण्याच्या ६५ किलोच्या ट्रकचालकाला आणि फोंड्याच्या ५२ किलोच्या शिक्षिकेला हा प्रश्न त्याच शब्दांत विचारला जातो आणि उत्तराला गुणही तेवढेच मिळतात. चुकीची सुरुवात इथेच होते, आणि ती व्यसनाच्या केसपेपरपर्यंत जाते: स्त्री-पुरुषांच्या शरीरातला फरक आणि बाईच्या शेवटच्या पाळीची तारीख यांना त्यावर जागाच नसते.

हिशेब मांडून पाहू. या प्रश्नावलीत एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. कुठल्याही पेयातले ग्रॅम काढायचे तर मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७९, आणि त्याला १०० ने भागायचे. फेणी ४२-४३ टक्क्यांची, म्हणजे ३० मिलीचा पेग हे एक ड्रिंक. हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, साधारण १५ टक्क्यांचा. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून २०० मिली हुर्राक घेतला की पोटात सुमारे २४ ग्रॅम अल्कोहोल जाते, म्हणजे जवळजवळ अडीच ड्रिंक्स. काजूच्या हंगामात हुर्राकाला ‘हलका’ म्हणून दारूत न मोजण्याची आपल्याकडची सवय या आकड्यापुढे टिकत नाही. ६५० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये साडेपंचवीस ग्रॅम असतात, ८ टक्क्यांच्या स्ट्राँगमध्ये ४१.

आता हे अल्कोहोल शरीरात पसरते कुठे? पाण्यात. चरबीत ते जवळजवळ जात नाही. पुरुषाच्या वजनात सरासरी ६० टक्के पाणी असते, स्त्रीच्या वजनात सुमारे ५० टक्के. स्वीडनच्या विडमार्कने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यासाठी जे गुणक काढले, ते पुरुषाला ०.६८ आणि स्त्रीला ०.५५ असे आजही वापरले जातात. ६५ किलोच्या पुरुषाने ६० ग्रॅम घेतले तर ६० भागिले ४४.२, म्हणजे रक्तात किलोमागे सुमारे १.३६ ग्रॅम. ५२ किलोच्या स्त्रीने तेवढेच घेतले तर ६० भागिले २८.६, म्हणजे २.१. तिने फक्त ४ ड्रिंक्स घेतली तर आकडा येतो १.४. म्हणजे तिची ४ आणि त्याची ६ ही रक्ताच्या दृष्टीने एकच गोष्ट आहे. (पिणे दोन-तीन तासांत पसरले तर यकृत काही भाग जाळते आणि दोन्ही आकडे खाली येतात, पण दोघांमधले अंतर राहते.) दर शनिवारी ४ ड्रिंक्स घेणाऱ्या त्या शिक्षिकेला तिसऱ्या प्रश्नावर ‘कधीच नाही’ असे प्रामाणिक उत्तर देता येते आणि तिला ० गुण मिळतात.

१९९० साली असेही दाखवले गेले की जठरात अल्कोहोल मोडणारे एन्झाइम स्त्रियांत कमी काम करते, त्यामुळे रक्तापर्यंत जास्त अल्कोहोल पोचते. त्याचा वाटा किती, यावर पुढे बराच वाद झाला. पाण्याच्या हिशेबावर मात्र वाद नाही. दारू ‘उतरण्याचा’ वेग बायकांत मंद असतो हा समजही बरोबर नाही. स्नायू-हाडांच्या वजनाच्या मानाने पाहिले तर तो किंचित जास्तच भरतो. फरक पडतो तो शिखराच्या उंचीत, आणि ते शिखर प्रत्येक वेळी यकृत, हृदय आणि मेंदू यांना सोसावे लागते. म्हणून दारूमुळे होणारा यकृताचा आजार स्त्रियांना कमी दारूत आणि कमी वर्षांत गाठतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका रोजच्या प्रत्येक १० ग्रॅममागे सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, आणि हा हिशेब रोजच्या एका छोट्या पेगापासूनच सुरू होतो.

यावर साधा उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ऑडिटचे पहिले तीन प्रश्न स्वतंत्रपणे ‘ऑडिट-सी’ म्हणून वापरतात. त्याची धोक्याची रेषा पुरुषाला ४ आणि स्त्रीला ३ अशी वेगळी ठेवलेली आहे. तिसऱ्या प्रश्नात स्त्रीसाठी ६ च्या जागी ४ हा आकडा छापायचा आणि ‘ड्रिंक’ या शब्दाखाली पेग, क्वार्टर, हुर्राकाचा ग्लास, बिअरची बाटली यांचे ग्रॅम लिहायचे. एका कागदाचे काम आहे. पण जो प्रश्न कागदावर छापलेला नसतो तो ओपीडीच्या गर्दीत विचारला जात नाही, हे आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून या लेखाची मागणी नव्या इमारतीची नाही. व्यसनाच्या केसपेपरवर शरीराचे लिंग आणि त्या शरीरातल्या हार्मोनांची त्या दिवसाची स्थिती यांना जागा हवी, एवढीच आहे.

याला पहिला आक्षेप आकड्यांचा येतो. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के निघाले, म्हणजे १७ पुरुषांमागे एक स्त्री. जिथे रुग्णच नाहीत तिथे वेगळा रकाना कशाला, असे कोणी विचारील. त्याला गोव्यापुरते उत्तर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गोव्यात पुरुषांचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते आणि स्त्रियांचे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. देशात स्त्रियांची सरासरी १.३ टक्के. इथे देशाच्या चौपट स्त्रिया दारू घेतात, आणि हे घरी आलेल्या सर्वेक्षकाला, बहुधा घरच्यांच्या कानावर पडेल अशा आवाजात, दिलेले उत्तर आहे. खरा आकडा याहून लहान असणे अवघड आहे. शिवाय इथे मोजलेली फक्त दारू आहे. मशेरी, झोपेच्या गोळ्या आणि दुखण्याच्या गोळ्या यांचा हिशेब वेगळा, आणि स्त्रियांचे व्यसन मोठ्या प्रमाणात तिथे दडलेले असते.

गोव्यातून जगाला मिळालेले एक मोठे काम या संदर्भात आठवायला हवे. ‘संगाथ’ संस्थेने राज्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूच्या समस्येवर समुपदेशनाची चाचणी घेतली. ती २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी फार तर चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले लोक समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, समुपदेशन न मिळालेल्या गटात १८ टक्के. कमी खर्चात, गावातल्याच केंद्रात आणि मानसोपचारतज्ज्ञाशिवाय साधलेला हा फरक फार मोलाचा आहे. चाचणीतले ३७७ जण १८ ते ६५ वयाचे होते, ऑडिटवर त्यांचे गुण १२ ते १९ होते, आणि ते सगळे पुरुष होते. केंद्रात येणाऱ्या बायकांतून पुरेशी संख्या जमणार नव्हती, त्यामुळे त्या वेळी हा निर्णय समजण्यासारखा होता. पण पुढे जेव्हा आपण ‘ही पद्धत गोव्यात सिद्ध झाली आहे’ असे म्हणतो, तेव्हा ती गोव्यातल्या पुरुषांवर सिद्ध झाली आहे असे म्हणणेच अचूक ठरेल.

हे एकट्या गोव्याचे नाही. दारू सोडण्यासाठीच्या डायसल्फिरामची सर्वांत गाजलेली चाचणी १९८६ ची, अमेरिकेतल्या ६०५ माजी सैनिकांवर केलेली, सगळे पुरुष. दारूची ओढ कमी करणाऱ्या नॅलट्रेक्सोनची पहिली महत्त्वाची चाचणी १९९२ ची, ७० जणांवर; तेही सगळे पुरुष. अमेरिकेत १९७७ च्या नियमाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवले होते. १९९३ च्या कायद्याने सरकारी पैशावर होणाऱ्या संशोधनात त्यांचा समावेश सक्तीचा झाला. याची किंमत किती, ते झोलपिडेम या झोपेच्या गोळीने दाखवले. वर्षानुवर्षे विकल्यानंतर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी तिचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला सांगितले, कारण रात्री घेतलेली गोळी सकाळी गाडी चालवतानाही त्यांच्या रक्तात जास्त उरत होती. नॅलट्रेक्सोनची मळमळही स्त्रियांत अधिक वेळा आढळते. ते आधी सांगितले नाही तर बाई चौथ्या दिवशी गोळी बंद करते आणि कागदावर ‘सहकार्य नाही’ असा शेरा पडतो. पोटभर जेवणानंतर, पहिले काही दिवस अर्ध्या गोळीने, म्हणजे २५ मिलिग्रॅमने, सुरुवात केली तर ही गळती बरीच थांबवता येते.

आता खुद्द हार्मोनांकडे येऊ. पाळीचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरला, तर पुढचे साधारण दोन आठवडे इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, चढत जाते. अंडे सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते, आणि पाळीच्या आधीच्या काही दिवसांत दोन्ही कोसळतात. मेंदूतल्या ज्या भागात हवेसे वाटणाऱ्या गोष्टींची ओढ तयार होते, त्या स्ट्रायटममध्ये इस्ट्रॅडिऑल डोपामिन या रसायनाचा स्राव वाढवते. इस्ट्रॅडिऑल चढलेले असताना मादी उंदीर कोकेनसाठी जास्त वेळा कळ दाबतात. प्रोजेस्टेरॉन दिले की कमी. माणसांतही याच दिशेचे पुरावे आहेत. चक्राच्या पहिल्या भागात स्त्रियांना कोकेनचा आनंद जास्त जाणवतो, दुसऱ्या भागात कमी, आणि प्रोजेस्टेरॉनची गोळी दिल्यावरही कमी. पुरुषांना तेच प्रोजेस्टेरॉन देऊन असा परिणाम दिसला नाही.

प्रोजेस्टेरॉनपासून शरीर अलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य बनवते. ते मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेच्या रिसेप्टरवर काम करते, आणि दारू व अल्प्राझोलामसारख्या चिंता-झोपेच्या गोळ्याही याच यंत्रणेवर काम करतात. ते शांत करते, झोप आणते. पाळीच्या आधी त्याची पातळी घसरते तेव्हा काही स्त्रियांना चिडचिड, घालमेल आणि निद्रानाश होतो. ती जागा भरण्यासाठी पेग किंवा गोळी घेतली जाते, आणि तिला ती ‘औषध’ वाटते. बाळंतपणानंतर हीच घसरण काही दिवसांत आणि कितीतरी मोठ्या उंचीवरून होते. गरोदरपणात नेटाने सोडलेली तंबाखू किंवा दारू बाळ दोन-तीन महिन्यांचे असताना परत येते, त्यामागे जागरण, एकटेपणा आणि सासर-माहेरची ओढाताण यांच्या जोडीला ही घसरणही असते. बाळाच्या लसीकरणासाठी ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी केंद्रात येतेच. त्या तिन्ही वेळा एएनएमने, म्हणजे केंद्रातल्या आरोग्यसेविकेने, दोन प्रश्न तिला बाजूला घेऊन विचारले तर वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.

इथे एक धोका आहे आणि तो मी हलका मानत नाही. ‘हार्मोनमुळे होतेय’ हे वाक्य आपल्याकडे बाईचे म्हणणे उडवून लावण्यासाठी वापरतात. व्यसनाच्या बाबतीत ते वापरले तर नवऱ्याची मारहाण, कर्ज, लहानपणी झालेला अत्याचार आणि हॉटेल-कॅसिनोतली रात्रपाळी यांना पांघरूण मिळेल. पुराव्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पाळीच्या चक्राप्रमाणे दारूचे रक्तातले प्रमाण फारसे बदलत नाही. बदलते ती पिण्याची कारणे आणि ओढ. पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचा प्रवास स्त्रियांत जलद होतो, याला तज्ज्ञ ‘टेलिस्कोपिंग’ म्हणतात. उपचाराला आलेल्या स्त्रियांत ते ठळक दिसते, पण सर्वसाधारण लोकसंख्येच्या काही मोठ्या पाहण्यांत दिसले नाही. तंबाखू चक्राच्या कुठल्या आठवड्यात सोडावी यावरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. म्हणून पंचांग पाहावे तशी पाळीची तारीख पाहून ‘सोडण्याचा मुहूर्त’ काढा, असे मी सुचवत नाही. पण या मर्यादांमुळे तारीख विचारूच नये असे ठरत नाही. माहिती नसताना उपचार करण्यापेक्षा माहिती असताना करणे केव्हाही बरे, आणि इथे माहिती मिळवायला एक प्रश्न पुरतो: ‘बाय, शेवटची पाळी कधी आली?’

या तारखेचे चार उपयोग आहेत. सर्वांत मोठा उपयोग गर्भाचा. व्यसनाचे कुठलेही औषध लिहिण्याआधी पाळी चुकली आहे का ते कळायला हवे. सरकारी केंद्रांत गर्भ-चाचणीचे ‘निश्चय’ किट असते. सकाळची पहिली लघवी असेल तर उत्तम, आणि उत्तर पाच मिनिटांत मिळते. दिवस गेले असतील तर डायसल्फिराम देत नाहीत. गरोदरपणात दारूचे सुरक्षित प्रमाण नाही, फेणीचे नाही आणि ‘ताकद देणाऱ्या’ पोर्ट वाइनचेही नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्या गरोदर बाईला ‘आजपासून बंद’ सांगून घरी पाठवणे हीदेखील चूक आहे. दारू तुटल्यावर ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम व वाताचा झटका. तिला दाखल करूनच दारू सोडवायची, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन आणि प्रसूतितज्ज्ञाला सोबत घेऊन.

अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर नियम उलटाच आहे. हेरॉइन किंवा ट्रॅमाडोलसारख्या गोळ्यांची सवय असलेल्या गरोदर स्त्रीचे औषध एकदम तोडले तर गर्भाशय आकुंचन पावू शकते आणि ती परत त्याच पदार्थाकडे वळण्याची शक्यता फार मोठी असते. तिला बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या अफूजन्य पदार्थाच्या जागी द्यायच्या औषधावर स्थिर ठेवतात. शेवटच्या तिमाहीत शरीरातले पाणी आणि औषध मोडण्याचा वेग वाढल्याने तोच डोस पुरेनासा होतो. तेव्हा ‘ही जास्त मागते आहे’ असा संशय न घेता डोस वाढवावा किंवा दोन वेळांत विभागून द्यावा लागतो. बाळाला जन्मानंतर चार ते सात दिवस निरीक्षणाखाली ठेवतात. हे आधी ठरवलेले असेल तर प्रसूतिकक्षात आरडाओरडा होत नाही.

दुसरा उपयोग याच्याशी जोडलेला आहे. अफूजन्य पदार्थ मेंदूकडून बीजकोशाकडे जाणारे संदेश दाबतात, त्यामुळे अनेकींची पाळी महिनोन् महिने बंद होते. ‘मला आता मूल होणार नाही’ असे त्या धरून चालतात. उपचार सुरू झाला, खाणे-झोप सुधारली की अंडे सुटू लागते, आणि ते पाळी परतण्याच्या आधी सुटते. गर्भनिरोधनाची गोष्ट पहिल्याच भेटीत काढली नाही तर तिसऱ्या महिन्यात नको असलेला गर्भ समोर येतो. तिसरा उपयोग पाठपुराव्याचा: चक्र नियमित असेल तर पाळीच्या अंदाजे चार-पाच दिवस आधी समुपदेशकाने एक फोन करायचा. महिन्याला एक फोन, ठरलेल्या दिवशी. चौथा उपयोग चाळिशीनंतरच्या स्त्रियांसाठी. अंगातून वाफा, रात्री घाम आणि मोडलेली झोप यांवर ती अल्प्राझोलाम घेत असेल तर तिला लागणारा उपचार रजोनिवृत्तीचा आहे. गोळी मात्र एका दिवसात काढायची नाही, फिट येते. दर एक-दोन आठवड्यांनी डोस थोडा थोडा उतरवायचा. मेथाडोन सुरू करायचे असेल तर आधी ईसीजी काढायचा, कारण ईसीजीवर मोजला जाणारा हृदयाचा क्यूटी हा काळ स्त्रियांत मुळातच लांब असतो आणि मेथाडोन तो आणखी लांबवते.

मशेरीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती व्यसनात धरलीच जात नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना-हिरड्यांना घासायची. सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग काम आवरल्यावर. घासून तोंड लगेच धुतले जात नाही. दहा-पंधरा मिनिटे ती हिरडीवर राहते आणि निकोटिन तिथूनच रक्तात उतरते. सत्तरी-डिचोलीच्या घरांत हे दंतमंजन म्हणून चालते, म्हणून ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर खोटे नसते. प्रश्न ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असाच हवा. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे बहुतेक तंबाखू म्हणजे मशेरीच होती, ती वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि वेळेआधी प्रसूतीचे प्रमाणही जास्त होते.

इथे हार्मोनांचा हात अगदी उघड दिसतो. निकोटिन मोडणारे यकृतातले एन्झाइम इस्ट्रोजेनमुळे जोमाने चालते. त्यामुळे स्त्रियांत निकोटिन पुरुषांपेक्षा लवकर संपते, गर्भनिरोधक गोळ्या घेणारीत त्याहून लवकर, आणि गरोदरपणात सर्वांत लवकर. निकोटिन लवकर संपले की तलफही लवकर येते. गरोदर बाई मशेरीचे फेरे वाढवते तेव्हा घरचे तिला ‘डोहाळे’ म्हणतात. ते बऱ्याच अंशी या एन्झाइमचे काम असते. याचाच दुसरा परिणाम असा की निकोटिनच्या पट्टीचा उपयोग स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी होतो, असे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसले. तंबाखू सोडण्यासाठीच्या व्हॅरेनिक्लिन या गोळीच्या बाबतीत तशी पिछाडी दिसत नाही. गरोदर नसलेल्या मशेरीवालीला २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम द्यायचे तर ते वापरायचे कसे हे दाखवून द्यावे लागते: सावकाश चावायचे, झिणझिण्या आल्या की थांबून गाल-हिरडीच्या मधे ठेवायचे, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास. च्युइंगगमसारखे सरळ चावले तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचकी-मळमळ होते आणि तलफ तशीच राहते. आंबट पदार्थाने तोंडातले शोषण थांबते, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटे सोलकढी, लिंबूपाणी, कॉफी नको. दुपारच्या जेवणावर सोलकढी घेऊन लगेच गम तोंडात टाकणारीला ‘गम लागू पडत नाही’ असे वाटणारच.

हे सगळे फक्त स्त्रियांसाठी मागतो आहे असे नाही. पुरुषाच्या हार्मोनांबद्दल तर कोणी एक शब्द विचारत नाही. दारू अंडकोशातल्या टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींना थेट इजा करते, आणि यकृत बिघडले की इस्ट्रोजेनचे प्रमाण चढते. छाती वाढते, अंगावरचे केस विरळ होतात. हेरॉइन-मेथाडोनवर टेस्टोस्टेरॉन खाली जाते, बुप्रेनॉर्फिनवर तुलनेने कमी जाते. थकवा, उदासी, कामेच्छा नाहीशी होणे, ताठरता न येणे ही त्याची लक्षणे. पुरुष हे सांगत नाही. ‘व्यसनमुक्तीच्या गोळ्यांनी माझी मर्दानगी गेली’ असे मनाशी धरून तो गोळ्या थांबवतो, आणि दोन आठवड्यांत पुन्हा भाटीवर किंवा तावेर्नात दिसतो. पुरुष कर्मचाऱ्याने दार लोटून थेट विचारले पाहिजे. सकाळी ८ ते १० च्या दरम्यान रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉन तपासायचे, कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दारू सुटल्यावर पुष्कळांत ते काही आठवडे-महिन्यांत सुधारते, आणि एवढे सांगितले तरी माणूस औषधावर टिकतो. लगेच इंजेक्शनाकडे धावायचे नाही. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणे थांबवते. हीच गोष्ट जिममध्ये स्टिरॉइड टोचून घेणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांची. सोडल्यावर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन कित्येक महिने झोपलेले असते, त्या काळात गडद नैराश्य येते, आणि त्यातून पुन्हा सुई किंवा दारू.

कागद बदलला तरी बाई केंद्रापर्यंत येईल का, हा प्रश्न उरतो. २०१९ च्या त्याच सर्वेक्षणाने सांगितले की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतो. त्यात स्त्रिया किती मागे असतील हे सहज ताडता येते. काणकोणहून बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयापर्यंत साठ-सत्तर किलोमीटर यायचे, तेही सांगता येईल असे कारण घरी देऊन. सगळ्यांत मोठी अडचण अंगावरच्या मुलाची असते. मूल कोणाकडे ठेवू, आणि व्यसनी म्हणून नोंद झाली तर ते काढून घेतील का, या दोन भीतींनी ती घरीच थांबते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याबाबतीत तिच्या बाजूने आहे. या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येतच येतात. कलम २१ प्रमाणे उपचार घेणाऱ्या स्त्रीला तिच्या तीन वर्षांखालच्या मुलापासून सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. तिच्या आजारामुळे मुलाला धोका आहे किंवा वेगळे करणे मुलाच्या हिताचे आणि सुरक्षिततेचे आहे असे डॉक्टरांनी ठरवले तरच, आणि तेही तात्पुरते. म्हणजे व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पाळणा असणे ही कोणाची मेहेरबानी नाही. सरकारी असो वा खासगी, मान्यतेच्या तपासणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने खाटांबरोबर पाळणाही मोजावा. अमली पदार्थांच्या कायद्यातले ६४-अ हे कलम, आपणहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देते. तेही भिंतीवर मराठी-कोंकणीत लावलेले असावे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६ हे दोन आकडे पाळीच्या पॅडच्या आणि ‘निश्चय’ किटच्या पाकिटावर शिक्क्याने मारता येतील, म्हणजे ते नवऱ्याच्या नजरेत न येता तिच्या हातात पडतील.

सुरुवात ‘संगाथ’च्या चाचणीतल्या त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतून करावी, कारण तिथे समुपदेशनाची पद्धत आधी वापरून झालेली आहे. पहिल्या सहा महिन्यांत व्यसनाच्या केसपेपरवर सात ओळी वाढवायच्या: ड्रिंक्सऐवजी ग्रॅम, शेवटच्या पाळीची तारीख, गर्भ-चाचणीचा निकाल, गर्भनिरोधन, स्तनपान चालू आहे का, मशेरी आणि झोपेच्या गोळ्या, आणि घरात मारहाण होते का. शेवटचा प्रश्न सोबत आलेल्या माणसाला बाहेर बसवूनच विचारायचा. पुरुषाच्या कागदावर पाळी, गर्भ आणि स्तनपानाच्या ओळींच्या जागी लैंगिक तक्रार, छातीतला बदल आणि जिमची इंजेक्शने. ऑडिट-सीवर ३ गुणांची रेषा ओलांडणाऱ्या स्त्रिया सहा महिन्यांत किती सापडल्या ते मोजायचे, आणि त्यांतल्या किती जणी ऑडिटच्या ८ गुणांच्या चाळणीतून निसटल्या असत्या तेही त्याच तक्त्यात लिहायचे. त्या संख्येवरून पुढची समुपदेशनाची चाचणी स्त्रियांसाठी किती केंद्रांत आणि किती बैठकांची आखायची हे ठरवता येईल.